आत या... भितर येयात... ओळगे बर्री!

पेडण्यातल्या आमच्या माहेरच्या घरात चित्रांची खोली उघडली, त्या दिवशीची गोष्ट. फेब्रुवारी २०२३ मधला रविवार होता. ओसरीवर खुर्च्या मांडल्या होत्या, चहाचं पातेलं चुलीवर होतं, आईने सकाळीच दारात रांगोळी घातली होती. शेजारच्या वाड्यावरच्या एक मावशी आल्या. चपला काढल्या, पदर सावरला आणि उंबरठ्यापाशीच थांबल्या. मी म्हटलं, "मावशी, आत या ना." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आमकां कितें कळटा तातूंतलें? आमी हांगाच बरीं."

चहा घेऊन त्या उंबरठ्यावरूनच परत गेल्या. त्या दिवशी पन्नासेक माणसं आली असतील, पण मला आठवतात त्या मावशीच. कलादालन काढायचं म्हणजे पैसा हवा, जागा हवी, ओळखी हव्यात, असं मला वाटत होतं. आपल्याच गावचं माणूस उंबरठ्याच्या आत आणणं हे सगळ्यात अवघड काम आहे, हे तोवर ठाऊक नव्हतं.

आधी घराविषयी सांगते. मी बेळगावात कॉलेजला मराठी शिकवते. सासर धारवाडचं, कानडी. त्यामुळे आमच्या घरात मुलं आजीशी कानडीत, माझ्याशी मराठीत आणि आपसात दोन्हींची खिचडी करून बोलतात. माहेर पेडणे तालुक्यातलं. चोर्ल्याचा घाट उतरायचा, साखळी, डिचोली करत पुढे जायचं, की साडेतीन-चार तासांत घर.

बाबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. चवथीला गणपती रंगवायचे, जात्रेतल्या नाटकांसाठी पडदे रंगवायचे आणि उरलेल्या वेळात स्वतःसाठी जलरंगातली चित्रं काढायचे. त्यांनी कधी प्रदर्शन भरवलं नाही. कुणी विचारलं, तर "बघणार कोण?" एवढंच म्हणायचे. २०१९ मध्ये ते गेले. आई एकटी त्या मोठ्या घरात राहू लागली. मोपाचा विमानतळ पुरा होत आला तसे पेडण्यात जमिनीचे दलाल फिरू लागले. आमच्याही दारात आले. ५ जानेवारी २०२३ ला तिथून विमानं उडू लागली, पण भाव त्याच्या आधीच उडाले होते! ठाण्याच्या भावाचं म्हणणं, "आईने किती दिवस एकटीने काढायचे? घर विकू, तिला माझ्याकडे नेतो." त्याचं चुकत होतं असं नाही.

२०२२ च्या दिवाळीत आम्ही सगळे जमलो ते खरं तर आवराआवर करायलाच. माळ्यावरच्या दोन पत्र्याच्या ट्रंका खाली काढल्या. आमचे 'हे' म्हणाले, "विकायचं ते विका, पण आधी मामांनी काय ठेवलंय ते एकदा बघू या." ट्रंका उघडल्या. एकीतल्या चित्रांचा वाळवीने भुगा केला होता. दुसरीत चाळीसेक चित्रं शाबूत होती आणि खाली जाड मांजरपाटावर रंगवलेला एक नाटकाचा पडदा, घडी घातलेला. तेरेखोलची खाडी, मोरजीची होडी, काजूच्या बोंडांची पाटी घेऊन बसलेली माझी आजी. आई बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हे मला कधी दाखवलंच नाही त्यांनी."

त्या रात्री मला म्हैसूर आठवलं. तुमच्यापैकी पुष्कळजण म्हैसूरच्या सहलीत जगनमोहन राजवाड्यात गेला असाल. तिथे हातात दिवा घेतलेल्या बाईचं एक चित्र आहे. दिव्याचा उजेड तिच्या बोटांतून झिरपतो आणि चेहऱ्यावर पडतो. लोक त्या चित्रापाशी रांग लावतात. ते काढणारे सावळाराम हळदणकर (१८८२–१९६८) सावंतवाडीचे, म्हणजे आमच्या गावापासून तासाभराच्या अंतरावरचे. पेडणे महालही १७८८ पर्यंत सावंतवाडीकर भोसल्यांकडेच होता. बाबांची बरोबरी मी हळदणकरांशी करत नाही. पण त्या चित्राला भिंत मिळाली म्हणून कानडी मुलखातल्या घराघरांत ते ओळखीचं झालं, आणि बाबांच्या अर्ध्या चित्रांना ट्रंक मिळाली म्हणून ती वाळवीने खाल्ली, हे खरंच ना?

घर वर्षभर विकायचं नाही, पुढची खोली चित्रांना द्यायची, असं ठरलं. भावाने एकच अट घातली. आईची पुंजी त्यात घालायची नाही.

गोव्यात कलादालनांची उणीव नाही. पणजीत आहेत, किनाऱ्यावर आहेत. पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत डॉ. सुबोध केरकर यांनी २०१५ मध्ये उभारलेलं 'म्युझियम ऑफ गोवा' मी मुद्दाम बघून आले. डॉक्टरकी सोडून चित्रकार झालेल्या माणसाने कारखान्यांच्या शेजारी कला नेऊन ठेवली, याचंच मला बळ वाटलं. जागा 'कलेची' नसली तरी चालते, हा धडा तिथे मिळाला. मात्र ते काम केवढं मोठं, आणि आमची खोली बारा बाय अठरा फुटांची.

आमचे खरे गुरू निघाले बेळगावात. के. बी. कुलकर्णी सरांच्या हाताखाली रवी परांजपे, जॉन फर्नांडिस यांच्यासारखे चित्रकार घडले, ते हे गाव. शहापूरला फ्रेम करणारे एक काका आहेत, त्यांच्याकडे बाबांची चित्रं घेऊन गेले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "दालन चालवणार कशावर? चित्रं रोज खपत नाहीत. फ्रेमा मात्र रोज लागतात." पुढे वाचताना कळलं, की मुंबईच्या प्रसिद्ध केमोल्ड गॅलरीचा पायाही फ्रेमांच्या धंद्यातच आहे. केकू गांधी यांनी १९४१ मध्ये फ्रेमांचा व्यवसाय सुरू केला. दुकानाच्या काचेमागे ते त्या वेळच्या नवख्या चित्रकारांची चित्रं लावत. हुसेन, आरा, हेब्बार आणि आपल्या साळगावचे सोझा हे सारे तेव्हा नवखेच. जहांगीर आर्ट गॅलरी १९५२ मध्ये झाली आणि तिच्या पहिल्या मजल्यावर गांधी दांपत्याने १९६३ मध्ये गॅलरी केमोल्ड सुरू केली. म्हणजे बावीस वर्षं फ्रेमांनी घर चालवलं, तेव्हा कुठे गॅलरी आली. आम्हीही तेच केलं. लग्नाचे फोटो, देवांच्या तसबिरी, पदवीची प्रमाणपत्रं यांच्या फ्रेमांची ऑर्डर आई गावातच घेते, चौकटी शहापूरहून येतात. वीजबिल आणि शनिवार-रविवार दार सांभाळणाऱ्या शेजारच्या कॉलेजकन्यकेचं मानधन त्यातून सुटतं.

खोली तयार करायला साठ-पासष्ट हजार रुपये लागले. जुन्या चिऱ्याच्या भिंती, वर चुन्याचा गिलावा. खिळा मारला की मुठीएवढा पोपडा हातात! शेवटी छताखाली चारही बाजूंनी लाकडी पट्टी बसवली आणि तिला तारेने चित्रं टांगली. चित्राचा मध्य उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे जमिनीपासून पावणेपाच-पाच फुटांवर यावा. आपण घरात फोटो फार उंच लावतो, हे काकांनी दाखवून दिलं तेव्हा पटलं. दिवे पिवळसर उजेडाचे, तिरपे. खिडकीचं ऊन जलरंगावर पडू द्यायचं नाही, म्हणून खादीचे पडदे.

एवढं सगळं केलं आणि सगळ्यात मोठी चूक त्यातच करून बसले.

नुसत्या बाबांच्या चित्रांवर खोली चालणार नव्हती. डिचोलीचे एक पेंटर बाबांचे जुने स्नेही. खनिजाचे ट्रक रंगवण्यात त्यांचं आयुष्य गेलं. ट्रकच्या कपाळावर देवाचं नाव, मागे कमळं, मोर. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मधे सुरू होऊन २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. त्यानंतर काही सुरू झाल्यात, पण मधल्या काळात दुकानांच्या पाट्यांचं कामही फ्लेक्सने नेलं. या गृहस्थांनी घरी बसून जलरंग हाती घेतले होते. पाणी साठलेल्या खाणी, मयेचं तळं, डिचोलीच्या कुंभारांच्या भट्ट्या, आणि नार्वेचं सप्तकोटेश्वराचं देऊळ. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये जीर्णोद्धार केलेलं हे देऊळ नव्याने दुरुस्त होऊन २०२३ च्या फेब्रुवारीत खुलं झालं. पेंटरनी चित्र काढलं होतं ते दुरुस्तीच्या आधीचं. भिंतींवरचं शेवाळ, कौलांवरचं गवत, सगळं जसंच्या तसं. आठ हजार रुपये किंमत ठरली. त्यांचा मुलगा म्हणाला, "पप्पांच्या चित्राला कुणी पहिल्यांदाच आकडा लावला."

जून आला. गोव्याचा पाऊस तुम्हाला मी काय सांगू? मी परीक्षांच्या कामात बेळगावात अडकले. जुलैत गेले, तर देवळाच्या चित्रावरच्या आभाळात करड्या ठिपक्यांची नक्षी उमटली होती. बुरशी! काच थेट कागदाला टेकलेली, मागे साधा पुठ्ठा, आणि फ्रेम ओल्या भिंतीला घट्ट चिकटलेली. हवा खेळायला जागाच नव्हती. बाबांची चित्रं ट्रंकेत सडली म्हणून मी हळहळले होते, आणि दुसऱ्याचं चित्र माझ्या भिंतीवर सडलं.

दोन दिवस मी फोन केला नाही. 'हे' म्हणाले, "फोन कसला, जाऊन सांग." मी आठ हजार रुपये पाकिटात घालून डिचोलीला गेले. पेंटरनी चित्र खिडकीशी नेऊन पाहिलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "कागदाक बुरशी येतलीच. पूण ताका वण्टीक चिकटयलो कोणें?" बुरशी येणारच, पण कागद भिंतीला चिकटवला कुणी? माझ्याकडे उत्तर नव्हतं. पैसे त्यांनी मोजून घेतले. त्याचंही मला बरंच वाटलं. घेतले नसते तर तो उपकार झाला असता.

पुढच्या आठवड्यात ते स्वतः आले. प्रत्येक फ्रेमच्या मागे खालच्या दोन कोपऱ्यांत बुचाचे तुकडे चिकटवले, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांत बोटभर अंतर राहतं. काच आणि कागद यांच्यामध्ये माउंट घातला, आम्लविरहित जातीचा. मी ओल खेचणारं यंत्र घेतलं आणि आर्द्रता मोजणारं छोटं घड्याळासारखं उपकरण भिंतीवर लावलं. काटा साठच्या पुढे गेला की आई यंत्र सुरू करते. पैंसष्टच्या वर दिवसचे दिवस राहिला की बुरशीला आमंत्रण. आता जून ते ऑगस्ट कागदावरची चित्रं उतरवून कोरड्या कपाटात ठेवतो आणि भिंतीवर तैलरंग, लाकूडकाम, डिचोलीची मातीची भांडी येतात. देवळाचं ते चित्र आजही खोलीत आहे, ठिपक्यांसकट. खाली लिहिलंय, 'विक्रीसाठी नाही.'

त्या प्रसंगानंतर कागदावर लिहिल्याशिवाय मी कुणाचं चित्र घेत नाही. कुणाचं, केव्हा आलं, किंमत किती, आल्या दिवशी अवस्था कशी, खराब झालं तर भरपाई कुणाची, सगळं दोन प्रतींत. मोठ्या शहरांतली दालनं विक्रीचा तिसरा हिस्सा ते निम्मा स्वतःकडे ठेवतात. आम्ही पाव हिस्सा ठेवतो आणि चित्रकाराचे पैसे पंधरा दिवसांत देतो. हाताने काढलेल्या चित्रांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. आमची उलाढाल चिमूटभर, तरी वह्या दरवर्षी हिशेबनिसांना दाखवतो. आणखी एक गोष्ट चित्रकारांनाही ठाऊक नसते. चित्र विकलं म्हणून त्याच्या छपाईचा हक्क विकला जात नाही. चित्रकाराने तो लिहून दिला नसेल, तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे तो त्याचाच राहतो. विकत घेणाऱ्याने परस्पर कॅलेंडर काढायचं नसतं.

आता त्या मावशींकडे येते.

पहिल्या हंगामात आमच्याकडे आले ते पर्यटक. फोटो काढले, घराचं कौतुक केलं, दोन-तीन चित्रंही घेतली. गावचं कुणी फिरकत नव्हतं. मला वाईट वाटायचं. मग आईनेच कान टोचले. "तू पाट्या इंग्रजीत लावल्यास आणि दार उघडतेस कधी, तर लोक काजूच्या बागेत असतात तेव्हा. येणार कोण?"

खरंच होतं. आमचं सगळं वेळापत्रक विमानांचं होतं, गावाचं नव्हतं. गोव्यातला माणूस घरी असतो तो चवथीला. मुंबईची, पुण्याची, बेळगावची सगळी नातीगोती तेव्हा गावात. पाऊसही उतरणीला लागलेला. २०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला होती. आम्ही इंग्रजी पाट्या काढल्या आणि मराठी, कोंकणी, कानडी अशा तिन्हींत हाताने लिहिल्या. कानडी पाट्या माझ्या सासूबाईंनी धारवाडहून लिहून पाठवल्या. दारावर तीन ओळी आल्या. आत या. भितर येयात. ओळगे बर्री.

एका भिंतीवर कावीचे फोटो लावले. मोरजीच्या मोरजाईच्या देवळात तांबड्या काव्याचं काम आहे. चुन्याच्या पांढऱ्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यायचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा काढायचा, ही त्याची रीत. हीच कला खाली शिरसीच्या मारिकांबेच्या देवळातही आहे. होन्नावरचे कृष्णानंद कामत (१९३४–२००२) यांनी गोवा आणि उत्तर कन्नड अशा दोन्हीकडची कावी हिंडून हिंडून नोंदवून ठेवली. मोरजी आणि शिरसीचे फोटो शेजारी शेजारी लावले, तेव्हा माझ्या मुलीने विचारलं, "अम्मा, यातलं मराठी कुठलं आणि कानडी कुठलं?" मला सांगता आलं नाही. तुम्हालाही येणार नाही.

आणि समोरच्या भिंतीवर बाबांचा नाटकाचा पडदा सोडला. राजवाडा, खांब, मागे डोंगर. घडीच्या रेघांवर रंग उडालेला. डागडुजी आम्ही केली नाही.

चवथीच्या तिसऱ्या दिवशी त्या मावशी माटोळी बघायला म्हणून घरात आल्या. चित्रांच्या खोलीवरून जाताना दारातून त्यांची नजर आत गेली. थबकल्या. "हो आमच्या जात्रेचो पडदो न्ही?" म्हणाल्या, आणि चपला तर आधीच बाहेर होत्या, त्या सरळ आत. पडद्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचे यजमान गावच्या नाटकात राजाचं काम करायचे, तो राजा याच राजवाड्यासमोर उभा राहायचा. खांबाच्या बुडाशी एक काळपट डाग आहे. तो मला बुरशीचा वाटला होता. मावशी म्हणाल्या, "गॅसबत्तीचो जाळ लागिल्लो थंय. तेन्नाच पडदो पाडलो आनी नाटक थांबयलें." आई म्हणाली, "आणि हे रात्री घरी येऊन रडले होते." आम्हा मुलांना हे कधी कळलंच नव्हतं.

मग मावशींनी संपूर्ण खोली बघितली. चित्रापाशी थांबून हे कुणाचं घर, ही कुठली होडी, हे त्याच आम्हाला सांगत होत्या. संध्याकाळी त्या सुनेला, नातवंडांना घेऊन आल्या. चार दिवसांत दोनशेच्या वर माणसं आली. विक्री किती झाली? एक चित्र आणि सात फ्रेमा!

अभिप्रायाची वही आता तिसरी चालू आहे. तिच्यात मराठी आहे, कोंकणी आहे, बेळगाव-खानापूरकडच्या पाहुण्यांची कानडी आहे. महिन्याचा हिशेब कधी हजार-दोन हजाराने वर, कधी तेवढाच खाली. भावाने वर्षाची मुदत पुन्हा काढलेली नाही. मागच्या चवथीला तो आला आणि एक बल्ब बदलून गेला. घराचं पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. आई आहे तोवर दार उघडं आहे, एवढं नक्की. पेंटरांची सहा चित्रं आजवर गेली, त्यांतलं एक डिचोलीच्याच एका ट्रकमालकाने घेतलं.

वाचकहो, प्रत्येकाने दालन काढावं असं मी म्हणणार नाही. पण तुमच्याही माळ्यावर आजोबांची एखादी ट्रंक असेल, काकूंचं भरतकाम असेल, मास्तरांनी काढलेलं कुणाचं तरी व्यक्तिचित्र असेल. पाऊस लागायच्या आधी ते एकदा उन्हाबाहेर, सावलीत, वाऱ्यावर उघडा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला शेजारी बसवा आणि ते कोण, कुठलं, केव्हाचं, ते मागे पेन्सिलीने लिहून ठेवा. शाईने नको, शाई पुढे उमटते. भिंतीला लावाल तेव्हा मागे बुचाचे दोन तुकडे तेवढे विसरू नका.

आणि चोर्ल्याच्या वाटेने कधी खाली उतरलात, तर पेडण्या-डिचोलीतली एखादी चित्रशाळा, एखादी कुंभाराची भट्टी, एखादं कावीचं देऊळ वाटेत नक्की बघा. 'आपल्याला काय कळतंय' म्हणून उंबरठ्यावर मात्र थांबू नका.